परिसंस्था शिकवायची तर एकच तुकडा निवडा आणि वर्षभर तिथेच जा

आठवीच्या विज्ञानात परिसंस्थेचा, म्हणजे एका जागेतले सजीव आणि त्यांच्याभोवतीचं ऊन, पाणी, माती यांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांचा, धडा येतो तो पुस्तकाच्या पार शेवटाकडे, त्यामुळे पोर्शन संपवायच्या घाईत जैविक घटक, अजैविक घटक, उत्पादक, भक्षक, विघटक या व्याख्या फळ्यावर उतरतात, मुलं त्या पाठ करतात आणि पेपरात गवत, हरीण, वाघ अशी साखळी काढून मोकळी होतात. पुण्यात वाढणारं मूल हरीण आणि वाघ काढतं आणि शाळेच्या कंपाउंडला लागून उगवलेल्या रुईवर काय चाललंय हे त्याला माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ही मुलं अकरा ते चौदा वर्षांची असतात, याच वयात त्यांना प्रश्न पडतात आणि चिखलात गुडघे टेकायला लाजही वाटत नाही, दोन-तीन वर्षांनी हेच सगळं क्लासेसमध्ये हरवून जातं.

मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मुलांना बाहेर नेऊन शिकवण्याबद्दल बरेच टीचर विचारतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितेय. माझं म्हणणं थोडक्यात असं, लांबची मोठी सहल काढण्यापेक्षा चालत जाता येईल असा एकच छोटा तुकडा घ्या, वर्षभर पुन्हा पुन्हा तिथेच जा, आणि तिथे गेल्यावर 'याचं नाव काय' याच्या आधी 'हा कुणामुळे इथे आहे' हे विचारा.

जागा निवडणं

पहिली पसंती शाळेचं आवार. ग्राउंडचा तो कोपरा जिथे कुणी झाडत नाही, पाण्याच्या टाकीमागची ओलसर जागा, भिंतीलगतचं गवत, एक जुनं झाड, एवढं असलं तरी खूप झालं. पेठेतल्या शाळांना ग्राउंड नसतं हे मला माहितीये, पण तिथेही जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळ आलेला असतो, पावसाळ्यात पन्हाळीखाली शेवाळ असतं, वळचणीला पारवे असतात, त्या एका भिंतीवर दोन-तीन महिने आरामात काम होतं.

दुसरी जागा म्हणजे जवळची टेकडी. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, बाणेर, जी तुमच्या शाळेला जवळ असेल ती. टेकड्यांवर मातीचा थर पातळ, खाली बेसॉल्टचा काळा खडक आणि मुरूम, पाऊसही पुण्यात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटरच, म्हणून इथे मुळात गवत, काटेरी झुडपं आणि उन्हाळ्यात पानं गाळणारी झाडं असतात. तासा-दीड तासावर ताम्हिणीत याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि तिथलं जंगल एकदम वेगळं. हा फरक मुलांना जरूर सांगा, कारण पालकांसोबत ताम्हिणीला बरीच मुलं जाऊन आलेली असतात आणि त्यांना वाटतं की हिरवंगार दाट तेच खरं निसर्ग, टेकडी म्हणजे ओसाड. हा समज जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

पाषाण तलाव पक्ष्यांसाठी चांगला, काठावरूनच बघायचं. शहरातल्या मुळा-मुठेच्या पाण्यात मात्र मुलांना हात घालू देऊ नका. पुलावरून किंवा घाटावरून जलपर्णी, पाण्याचा रंग, वास, कोणते पक्षी आहेत आणि कोणते नाहीत एवढं नोंदवलं तरी तो एक पूर्ण पीरियड होतो. वर्षातून एकदा लांब जायचंच असेल तर सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, गवताळ परिसंस्था काय असते आणि चिंकारा तिथे का राहतो हे कळायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही, पण ते वर्षाच्या शेवटी, आपला तुकडा मुलांच्या अंगवळणी पडल्यावर.

परवानग्या, माणसं, सामान

मुख्याध्यापकांकडे जाताना तोंडी विचारू नका, एका कागदावर तारीख, वेळ, जागा, किती मुलं, सोबत कोण मोठी माणसं आणि कोणत्या धड्याचा कोणता मुद्दा हे लिहून न्या. धड्याचा मुद्दा लिहिलेला असला की परवानगी पटकन मिळते. आवाराबाहेर जायचं तर पालकांचं संमतीपत्र हवं, त्यात अ‍ॅलर्जी, दमा, नेहमीची औषधं यांचा रकाना हवाच. टेकड्यांचा बराच भाग वनविभागाकडे आहे, मोठा ग्रुप नेणार असाल तर आधी त्यांना विचारून ठेवा.

पन्नास-साठ मुलांचा वर्ग एकट्यानं बाहेर नेऊ नका, कितीही शहाणी मुलं असली तरी. दहा मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की दोन-तीन आई-बाबा येतात, एखादे आजोबा तर हमखास येतात, आणि गावाकडं वाढलेल्या आजोबांना झाडांची जेवढी नावं माहीत असतात तेवढी आपल्याला सात जन्मात येणार नाहीत. माणसं नाहीच मिळाली तर वर्ग अर्धा करा, अर्धी मुलं बाहेर आणि अर्धी दुसऱ्या टीचरकडे.

सामान फार लागत नाही. सुतळी, चार खुंट्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या, भिंग, जुनी पांढरी चादर किंवा पांढरी छत्री, दोन-तीन पारदर्शक डबे, मापाची पट्टी, अल्कोहोलचं थर्मामीटर (पाऱ्याचं बाहेर नेऊ नका, फुटलं तर भलताच व्याप होतो), पेन्सिल आणि पुठ्ठ्याचं पॅड. पेन नको, पावसात शाई पसरते. मोबाइल फक्त मोठ्यांकडे.

आधी स्वतः एक चक्कर मारा

आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन या. वर झाडावर किंवा खडकाला आग्या मोहोळ आहे का ते बघा, असेल तर त्या बाजूला जायचंच नाही, बाकी वेळीही मुलांना अत्तर-डिओ मारून यायला बंदी आणि आरडाओरडा बंद. खाजकुयलीच्या शेंगा कुठे लोंबतायत ते बघा, एका मुलानं ती हाताळली की सगळा वर्ग खाजवत बसतो. टेकडीवर घोणस आणि फुरसं दोन्ही असू शकतात, त्यामुळे बूट आणि फुल पँट याला पर्याय नाही, दगड उलटायचा असेल तर तो फक्त टीचरनं, काठीनं, आपल्या पायापासून पलीकडच्या बाजूला उघडेल असा, आणि बघून झालं की होता तसा परत ठेवायचा कारण ते कुणाचं तरी घर आहे. चावलंच काही तर कापाकापी, दोरी बांधणं, चोखणं असलं काही नाही, मुलाला शांत बसवून १०८ ला फोन आणि सरळ मोठं हॉस्पिटल. वेताळ टेकडीवरच्या खाणीत पाणी असतं, त्याच्या जवळपास मुलं नेऊ नका.

हे वाचून घाबरू नका. नियम स्पष्ट असले की मुलं पाळतात. मी निघण्याआधी तीनच नियम सांगते, टीचर दिसत राहिली पाहिजे, तोंडात काही घालायचं नाही, आणि जे उचललं ते तिथेच ठेवायचं.

पहिल्यांदा गेल्यावर: एक मीटरची चौकट

दोन पीरियड जोडून घ्या, सत्तर मिनिटं मिळतात. पाच-पाच मुलांचे ग्रुप करा, प्रत्येक ग्रुपनं सुतळी आणि खुंट्यांनी एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्याच्याभोवती बसायचं. सुरुवातीची दहा मिनिटं लिहायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. पहिली तीन मिनिटं मुलं चुळबुळ करतात, 'मॅडम इथे काहीच नाहीये' असं एक जण म्हणतोच, आणि मग सातव्या-आठव्या मिनिटाला कुणाला तरी मुंगी काहीतरी ओढताना दिसते आणि तिथून पुढे मुलांना उठवणं अवघड होतं.

मग नोंदी. किती प्रकारची रोपं (नाव माहीत नसेल तर 'गोल पानाचं', 'केसाळ पानाचं' असं स्वतःचं नाव द्यायचं आणि चित्र काढायचं), किती टक्के जमीन उघडी, किती प्रकारचे किडे आणि ते नेमकं काय करतायत, आणि खुणा, म्हणजे कुरतडलेलं पान, विष्ठा, पीस, जाळं, बीळ. खुणांवर भर द्या. प्राणी दिसला नाही तरी तो येऊन गेल्याचं कळतं आणि मुलांना हे शोधकाम फार आवडतं.

एक ग्रुप झाडाखाली, एक उघड्या गवतात, एक पायवाटेवर असं मुद्दाम वेगळं बसवा. टेकडीवर असाल तर एक चौकट गिरिपुष्पाखाली नक्की टाका. हे झाड म्हणजे उंदीरमारी, मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं आणि गुरं फारसं खात नाहीत म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर त्याची भरपूर लागवड झाली. तुम्ही आधी काहीही मत देऊ नका, चौकटीतले आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना बोलू द्या.

रुईचं एक झुडूप, पूर्ण पीरियड

मला सगळ्यात जास्त आवडणारा हा भाग, आणि याला टेकडीही लागत नाही, पुण्यात कुठल्याही रिकाम्या प्लॉटच्या कडेला रुई असतेच. आधी ताकीद, रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, त्यामुळे पान तोडायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

आता बघा काय काय सापडतं. कोवळ्या शेंड्याला पिवळाधमक मावा चिकटलेला असतो, झाडाचा रस पिणारा. त्या माव्यातून गोड चिकट थेंब बाहेर पडतो म्हणून मुंग्यांची रांग तिथे जाते. त्याच माव्याला खायला ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगे येतात आणि त्यांच्या अळ्याही. पानावर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असेल तर ती प्लेन टायगर फुलपाखराची, ती खाण्याआधी पानाची शीर कुरतडून ठेवते म्हणजे चीक तिथूनच वाहून जातो आणि पुढचं पान निवांत खाता येतं. चिकातलं विष तिच्या अंगात साठतं, ते फुलपाखरातही उतरतं आणि म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा देखणा टोळ दिसला तर तोही रुई खाणाराच, त्याच्या पिल्लांना डिवचलं तर उग्र द्रवाची पिचकारी मारतात. फुलांवर मोठा काळा भुंगा घोंघावत असतो, त्याच्या पायाला अडकून पराग एका फुलाकडून दुसऱ्याकडे जातात. बोंड फुटलं की रेशमी धाग्यांची 'म्हातारी' उडते, ती वाऱ्यावर. आणि खाली पडलेल्या पानांत वाळवीचा मातीचा पापुद्रा.

एका झुडपात उत्पादक, दोन-तीन पातळ्यांचे भक्षक, परागवाहक, विघटक आणि वारा. सगळं एकाच दिवशी दिसणार नाही, पण दोन-चार गोष्टी तर हमखास. मुलांना विचारा, मावा नसता तर मुंग्या इथे आल्या असत्या का? लेडीबर्ड? एका मुलीनं मला विचारलं होतं, 'मॅडम, मुंग्या लेडीबर्डला हाकलतायत का?' आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो, तर खरंच हाकलत होत्या. याच्यावर वेगळं लेक्चर द्यावं लागलं नाही. मुंग्या आपल्या गोड थेंबाची राखण करतायत हे मुलांनीच आपापसात बोलून काढलं.

उंबर जवळ असेल तर पिकून पडलेलं एक फळ टीचरनं ब्लेडनं उघडून दाखवा. आतली केंबरं, म्हणजे बारीक किडे, बघून मुलं किंचाळतात, मग सांगा की फुलं सगळी आतच आहेत, इवलीशी गांधीलमाशीच्या जातीतली मादी बारीक भोकातून आत शिरते, येताना पराग आणते, अंडी घालते आणि आतच मरते, आणि तिची पुढची पिढी पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जाते. झाडाला ती हवी आणि तिला झाड. फळावर पुढे पक्षी, खारी, वटवाघळं जगतात ते वेगळंच.

निर्जीव भाग विसरू नका

परिसंस्था ही कल्पना आर्थर टान्सले या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ मध्ये मांडली तेव्हा त्याचा आग्रहच हा होता की सजीव आणि त्यांच्याभोवतीचं ऊन, पाणी, माती हे वेगळं काढून चालणार नाही. आपण शिकवताना नेमकं हेच एका ओळीत उरकतो.

त्यासाठी थर्मामीटर. दुपारी एकाच वेळी पेव्हिंग ब्लॉकवर, उघड्या मातीवर, गवतात आणि झाडाखालच्या पालापाचोळ्यात तापमान घ्या, फुगा सावलीत राहील असं धरा नाहीतर ऊनच मोजलं जाईल. शेजारी किती जीव सापडले ते लिहा. मातीसाठी पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून खिडकीत ठेवा, दुसऱ्या दिवशी वाळू, गाळ, चिकणमाती असे थर दिसतात आणि वर काडीकचरा तरंगतो. टेकडीची आणि शाळेच्या बागेची माती शेजारी ठेवली की काही बोलावं लागत नाही.

आणि दिवाळीच्या आसपास टेकडीवर गेलात तर कुसळं. मोज्यांत घुसलेली कुसळं मुलं वैतागून काढत असतात, त्यातलं एक घ्या, टोक हाताला लागणार नाही असं, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाका. पीळ असलेली ती शेपटी हळूहळू फिरायला लागते, घड्याळाच्या काट्यासारखी. मुलं श्वास रोखून बघतात. ओलावा आला की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्यानंच बी जमिनीत खोल शिरतं. म्हणजे हवेतला ओलावा हा अजैविक घटक बीला पेरतोय. ही गोष्ट ज्या मुलानं बघितली ते अजैविक घटकाची व्याख्या विसरणार नाही.

विघटक: चिंधी पुरून ठेवा

विघटक, म्हणजे मेलेलं-वाळलेलं कुजवणारे जीव, सहसा दिसत नाहीत म्हणून मुलांना पटत नाहीत. जुनी सुती चिंधी, पॉलिएस्टरची चिंधी, एक वाळलेलं पान आणि वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा, सगळे सारख्या मापाचे, जाळीच्या पिशवीत घालून वीतभर खोल पुरा आणि वर खुणेची काठी. एक संच ओलसर सावलीत, एक कोरड्या उन्हात. जुलैत पुरलं तर महिन्याभरानं उकरा, परत पुरा, परत महिन्यानं. मुलं काय उरलं ते ट्रेस करून घेतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्हीदा केलं तर वेग किती बदलतो तेही दिसतं.

शाळेत पालापाचोळा जाळत असतील तर याच वेळी मुलांनी शिपाईकाका आणि मुख्याध्यापकांशी बोलून एक कोपरा राखून घ्यावा जिथे पानं नुसती साठू द्यायची. आमच्याकडे त्या ढिगात पावसाळ्यात गांडुळं, वाणी, गोगलगायी, अळंब्या सगळं आलं.

ऊर्जा: एक लिटरची बाटली

अन्नसाखळीत एका पातळीवरून वरच्या पातळीवर सुमारे दहाच टक्के ऊर्जा पोचते, हे रेमंड लिंडमन या अमेरिकी संशोधकानं १९४२ मध्ये मांडलेल्या कामातून पुढे आलेलं तत्त्व. याचा प्रयोग गवतात उभं राहून करा. एक लिटर पाणी म्हणजे गवत. त्यातलं १०० मिली नाकतोड्याच्या ग्लासात, उरलेलं सगळं जमिनीवर ओतायचं, उष्णता म्हणून गेलं आणि न खाता राहिलं. त्या शंभरातलं १० मिली सरड्याला, आणि त्यातलं १ मिली, सिरिंजनं मोजून, शिक्र्याला, म्हणजे सरडे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याला. म्हणजे जेमतेम वीस थेंब. मग विचारा, आपल्या चौकटीत नाकतोडे किती होते, आणि अख्ख्या टेकडीवर शिक्रे किती दिसले? हे दहा टक्के सरसकट नसतात, कमी-जास्त होतात, हेही सांगून टाका, मुलांना अंदाज आणि नियम यातला फरक कळायला हवा.

अन्नजाळं आणि बाणांची दिशा

परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात नाही, ग्राउंडवर गोल करा. प्रत्येक मूल आपल्या तुकड्यात दिसलेलं काहीतरी होतं, रुई, मावा, मुंगी, सरडा, ऊन, माती, वाळवी. सुतळीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे, पण फेकताना संबंध सांगायचा, 'मी रुई, माझा रस मावा पितो'. जाळं झालं की एकाला सुतळी सोडायला लावा, ज्यांना ढील जाणवली त्यांनी हात वर करायचा.

मग वहीत. इथे जवळपास प्रत्येक वर्गात एकच घोटाळा होतो, मुलं खाणाऱ्याकडून खाद्याकडे बाण काढतात. ऊर्जा कुणाकडे गेली ते विचारा, बाण तिकडे. आणि माझा एक नियम, स्वतः बघितलं असेल तर अखंड रेघ, खुणेवरून अंदाज असेल तर तुटक रेघ, पुस्तकात वाचलं असेल तर पेन्सिलनं फिकट. वर्षभरात तुटक रेघा अखंड व्हायला लागतात आणि मुलं त्यासाठी रविवारीही टेकडीवर जातात, खोटं नाही सांगत. आणखी एक, विघटक साखळीच्या शेवटी एकटे काढू देऊ नका, प्रत्येक सजीवाकडून त्यांच्याकडे बाण जातो आणि त्यांच्याकडून मातीकडे.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै: पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या उडतात आणि त्या खायला कोतवाल, साळुंक्या, बेडूक सगळे जमतात. चौकट आखून घ्या, चिंध्या पुरा. ऑगस्ट-सप्टेंबर: रुई, फुलपाखरं, आणि गाजर गवत. हे गवत भारतात ठळकपणे नजरेत आलं ते १९५० च्या दशकात, पुण्यातच. पावसाळ्यात त्याची पानं खाणारा पट्ट्यांचा छोटा भुंगा शोधा, तो १९८४ मध्ये बंगळुरूला याच कामासाठी मेक्सिकोतून आणून सोडलेला, तिथून पसरत आला. गाजर गवतानं अ‍ॅलर्जी होते, मुलांना उपटायला लावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर: कुसळं, बिया. डिसेंबर-जानेवारी: टेकडी पिवळी पडलेली, हिवाळी पाहुणे पक्षी, सकाळच्या शाळेला सोयीचं. 'मॅडम, सगळं मेलं का?' असं विचारणाऱ्या मुलाला गवताचा बुंधा बघायला लावा, खाली जिवंत असतं. फेब्रुवारी-मार्च: पळस, पांगारा, काटेसावर फुललेली, झाडाला पान नाही पण फुलांवर पक्ष्यांची झुंबड. याच दिवसांत टेकड्यांवर वणवे लागतात, जळालेल्या आणि न जळालेल्या भागाची तुलना करता येते, लांबून आणि सुरक्षित झाल्यावरच.

दर वेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेला एक फोटो. तो चुकवू नका.

अ‍ॅपबद्दल थोडंसं. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की ओळख पटवायला लोक मदत करतात, पण ते परतल्यावर, वर्गात. जागेवर मोबाइल निघाला की बघणं थांबतं. सीझनवॉच हा शाळांसाठी फार चांगला उपक्रम आहे, एक झाड घ्यायचं आणि दर आठवड्याला पालवी, फूल, फळ कितपत आहे ते नोंदवायचं, मुलांना कळतं की आपली नोंद कुठेतरी जमा होतेय.

मार्क कशाला द्यायचे

नावं किती आली याला देऊ नका. मी तीन प्रश्न देते. तुझ्या तुकड्यातून एक घटक काढला तर पुढे काय काय होईल, कारणासकट लिही. तुझ्या जाळ्यातला एक बाण निवड आणि त्याचा पुरावा सांग. जुलैच्या आणि जानेवारीच्या नोंदीत काय बदललं आणि का. लिहिण्यात मागे असलेली काही मुलं इथे तोंडी इतकं सुंदर सांगतात की आपल्यालाच आपली परीक्षेची पद्धत तपासावीशी वाटते, त्यामुळे तोंडी उत्तराची सोय ठेवाच.

'अभ्यास बुडतो' म्हणणारे पालक भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका, पालकसभेला मुलांनाच त्यांचं अन्नजाळं समजावून सांगू द्या आणि पुस्तकातला धडा शेजारी उघडा ठेवा.

वर्ष संपताना सगळ्या नोंदी एका जाड वहीत चिकटवा, पहिल्या पानावर तुकड्याचा नकाशा, खुंट्या कुठे होत्या, फोटो कुठे उभं राहून काढायचा, चिंध्या कुठे पुरल्या हे सगळं लिहा आणि ती वही पुढच्या सातवीच्या हातात द्या. जूनमध्ये पहिल्या वेळेला आठवीत गेलेल्या चार-पाच मुलांना बरोबर घ्या, नव्या मुलांना जागा तेच दाखवतात, आणि तुम्हाला दहा मुलांमागे एक मोठं माणूस शोधताना मदतनीसांची एक फळीही तयार मिळते, अर्थात मोठ्यांच्या जागी नाही, मोठ्यांच्या जोडीला.